सगळ्या जगाला इंग्रजी येतं म्हणे!

टेरीटॉवेल | रविवार, सकाळी १०:१२

सात रस्त्यावरून जुळे सोलापूरकडे निघालात तर जाता जाता 'इंग्लिश स्पीकिंग'चे किती बोर्ड दिसतात ते बघा. प्रत्येकावर टाय घातलेला एक माणूस आणि खाली 'इंग्रजी आलं की जग तुमचं' अशा थाटाचं काहीतरी. आमच्या साहेबांचा टॉवेल निर्यातीचा कारखाना एमआयडीसीत आहे. तिथला बाहेरदेशीचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो, त्यामुळे ह्या वाक्याची माझ्या टेबलावर रोज परीक्षा होते. माझं मत असं बनलंय की इंग्रजी जगभर पसरलंय हे खरं, पण बहुतेक ठिकाणी त्याचा थर पापुद्र्याएवढा आहे.

जगात साधारण दीडशे कोटी लोक इंग्रजी बोलतात असा अंदाज नेहमी दिला जातो. घरात इंग्रजी बोलणारे त्यातले चाळीस कोटींच्या आत. बाकीचे शाळेत, नोकरीत, बाजारात शिकलेले. म्हणजे आठशे कोटींच्या जगात पाचांतल्या चौघांना इंग्रजी येत नाही, आणि ज्याला येतं त्याचंही बहुधा आपल्यासारखंच, उसनं.

गंमत म्हणजे ह्या उसन्या इंग्रजीवर धंद्यात फारसं काही अडत नाही. पोलंडचा खरेदीदार आणि मी, दोघंही व्याकरणाची पार वाट लावतो. पण जीएसएम (दर चौरस मीटरला कापडाचं वजन) किती, बॉर्डरची वीण डॉबी की जॅकार्ड, रंगाच्या शेडमध्ये फरक कितपत चालेल, एलसी (पैशांसाठी बँकेचं हमीपत्र) कधी उघडणार, हे सगळं चोख ठरतं. दोघंही सावकाश बोलतो, शंका आली की आकडा पुन्हा लिहून पाठवतो. अडतं ते मँचेस्टरच्या गृहस्थांपाशी. भाषा त्यांच्या घरची, त्यामुळे सुसाट. अर्धे शब्द गिळायचे, मध्येच विनोद, मध्येच एखादी म्हण. कॉल संपला की पोलंडवाला मला वेगळी मेल टाकतो, ते नक्की काय म्हणाले?

तर प्रश्न असा. इथले बरेच जण बाहेर आहेत. कुठल्या देशात इंग्रजीवर खरंच भागतं, कुठं भागत नाही, आणि असं का? (क्लासच्या जाहिराती कृपया नकोत.)

होटगी_रोड | रविवार, सकाळी १०:४०

बाहेरचं जग नंतर बघू, आधी घरचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे अख्ख्या देशात सुमारे २ लाख ६० हजार. दुसरी भाषा म्हणून सांगणारे ८ कोटींच्या वर, तिसरी म्हणून सांगणारे साडेचार कोटींच्या आसपास. सगळे मिळून जवळपास १३ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.६ टक्के. अमेरिकेखालोखाल आपणच, असं छाती फुगवून सांगितलं जातं ते ह्या आकड्याच्या जोरावर. दहातल्या जवळजवळ नऊ जणांना येत नाही हे त्याच आकड्यात असतं, ते कुणी सांगत नाही.

आणि 'येतं' म्हणजे तरी काय? गणक दारात येतो, विचारतो, आपण सांगतो, तो लिहितो. परीक्षा कोण घेतंय? 'माय नेम इज'च्या पुढे कधी न गेलेला आणि हायकोर्टात युक्तिवाद करणारा, दोघंही एकाच रकान्यात.

पूर्वभाग | रविवार, सकाळी ११:०५

रकान्याचा विषय निघालाच आहे म्हणून. गणनेत मातृभाषा सोडून जास्तीत जास्त दोनच भाषा लिहून घेतात. पुण्याच्या माणसाला तेवढ्या पुरतात. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात कशा पुरणार? घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी नाहीतर दखनी, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड. इंग्रजीचा नंबर लागेपर्यंत फॉर्म संपलेला असतो.

माझा चुलतभाऊ यंत्रमागाचं सुट्टं सामान चीनहून मागवतो. भाव, फोटो, तक्रारी, सगळं इंग्रजीत. गणनेत त्याच्या नावापुढे तेलुगू, मराठी, हिंदी. सरकारी हिशेबात त्याला इंग्रजी येत नाही! उलट ज्याच्या घरीदारी एकच भाषा, त्याच्या दोन जागा मोकळ्याच असतात, तिथं इंग्रजी ऐसपैस बसतं. सोलापूर, बेळगाव असल्या गावांत हा आकडा खाली दाबला जाणार हे उघड आहे.

टेरीटॉवेल | रविवार, सकाळी ११:१५

मानलं मालक. हा मुद्दा मी आजवर कुठंच वाचला नव्हता.

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ११:३१

काय करलालाव बे सुट्टीच्या दिवशी! गणित?

माझा दुबईचा अनुभव लिहितो. इंग्रजी घेऊन गेलो, हिंदी बोलून परत आलो. टॅक्सीवाला पेशावरचा, किराणावाला केरळचा, मुकादम बिहारचा. इंग्रजी बघितलं ते पाट्यांवर आणि पगाराच्या चिठ्ठीवर. अरबी तर त्याहून कमी ऐकली.

उत्तर_समुद्र | रविवार, दुपारी १:२०

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या आइंडहोवन. नेदरलँड्समध्ये इंग्रजीवर भागतं का? भागतं. भाजीवाली, बसचा ड्रायव्हर, प्लंबर, कुणाशीही. २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने पाहणी केली होती, अमुक भाषेत संभाषण करता येतं का म्हणून. इंग्रजीला इथं ९० टक्के लोकांनी हो म्हटलं. स्वीडन आणि डेन्मार्क ८६, जर्मनी ५६, फ्रान्स ३९, इटली ३४, स्पेन २२, हंगेरी २०. हेही होटगी_रोड म्हणतात तसं लोकांनीच स्वतःबद्दल सांगितलेलं, पण फिरताना जो अनुभव येतो त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतं.

कारणं विचारलीत. शाळा चांगल्या आहेत, हे आहेच. डच ही इंग्रजीची सख्खी चुलत बहीण, त्यामुळे निम्मी वाट आधीच चाललेली असते. पण मला सगळ्यात मोठं कारण टीव्ही वाटतं. पावणेदोन कोटींच्या देशासाठी दर अमेरिकन मालिकेचं डबिंग कोण करणार? मूळ आवाज तसाच ठेवतात आणि खाली डच ओळी देतात. अगदी लहान मुलांचे कार्यक्रम तेवढे डच आवाजात. त्यामुळे शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच ते पोरांच्या कानात मुरलेलं असतं. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन हे मोठे बाजार, तिथं डबिंगचा धंदा जुना आणि भरभराटीचा. इटलीत मुसोलिनीच्या आणि स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने परदेशी चित्रपट आपल्याच भाषेत दाखवायची सक्ती केली होती. राजवटी गेल्या, सवय राहिली. शेजारचा पोर्तुगाल डबिंगच्या नादी फारसा लागला नाही, आणि माझ्या अनुभवात लिस्बनला इंग्रजीवर जेवढं निभतं तेवढं माद्रिदला निभत नाही.

आता दुसरी बाजू. टॅक्स खात्याचं निळं पाकीट येतं ते डचमध्ये. पोरीच्या शाळेची पालकसभा डचमध्ये. ऑफिसात मीटिंग इंग्रजीत होते, पण कॉफीच्या मशीनपाशी चार डच जमले की गाडी डचवर, आणि कोणाला पुढे न्यायचं हे निम्मं तिथंच ठरतं. मी बरीच वर्षं इंग्रजीवर काढली. भागलं. पण त्यांच्यातला झालो नाही. शेवटी क्लास लावला.

शिवाय विद्यापीठांत इंग्रजी फार झालं, पदवीचं शिक्षण पुन्हा डचमध्ये आणा, असा राजकीय रेटा इथं गेल्या काही वर्षांत जोरात आहे. जगात इंग्रजीत पहिला नंबर म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यांचीच ही तऱ्हा.

विजापूर_वेस | रविवार, दुपारी १:४४

पहिला नंबर म्हणजे ती दरवर्षी पेपरात येते ती यादी का? त्यात भारत पार खाली असतो.

होटगी_रोड | रविवार, दुपारी २:१०

तीच. ईएफ नावाची भाषा शिकवणारी खाजगी कंपनी २०११ पासून काढते. २०२४ च्या यादीत ११६ देश होते. नेदरलँड्स पहिला, भारत ६९ वा, जपान ९२ वा. इंग्लंड-अमेरिकेला त्यात घेतच नाहीत. पण ही यादी बनते कशी? नेटवर फुकट परीक्षा असते, ज्याला द्यावीशी वाटली त्याने द्यायची. म्हणजे ज्याच्याकडे नेट आहे आणि ज्याला इंग्रजीची गरज भासते तोच मोजला जातो. मंगळवेढ्याचा ज्वारीवाला शेतकरी त्यात नाही, तसा जपानी मच्छीमारही नाही. शिवाय २०२४ पर्यंत त्या आकड्यांमागे वाचून आणि ऐकून समजण्याचीच परीक्षा होती. बोलणं त्यात नव्हतं, आणि बातम्या मात्र 'इंग्रजी बोलण्यात भारत मागे' अशा मथळ्याने आल्या.

इंग्रजी शिकवून पैसे मिळवणाऱ्याने 'तुमचा देश इंग्रजीत कच्चा' असं प्रमाणपत्र द्यावं, ह्यात मला तरी हितसंबंध दिसतो.

टेरीटॉवेल | रविवार, दुपारी २:३५

जपानबद्दल लिहितो, कारण आमचा एक खरेदीदार तिकडचा आहे. मेल अशी नेटकी की साहेब आम्हाला नमुना म्हणून दाखवतात. फोन केला की शांतता. मग 'मेल करतो' म्हणून ठेवून देतात. बोलायला परदेशी माणूस वर्गात हवा म्हणून तिथलं सरकार १९८७ पासून जेट नावाची योजना चालवतंय, बाहेरच्या तरुणांना आणून शाळांत ठेवतात. २०२० पासून पाचवीपासूनच इंग्रजी हा रीतसर विषय झालाय. तरी फरक फार पडलेला दिसत नाही.

माझा तर्क असा की त्यांचं अडतच नाही. जपानी माणूस डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ होतो तो जपानीत. पुस्तकं जपानीत, कारखाना जपानीत, बढती जपानीत. आपल्याकडे बारावी सायन्सला गेलं की मराठी सुटलीच. आपलं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं आहे ह्याचं मोठं कारण आपल्याला दुसरा रस्ता नाही, हे आहे. ह्याचा अभिमान वाटून घ्यायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला वाटत नाही.

मास्तरीणबाई | रविवार, दुपारी ४:०२

मंगळवेढ्याचं नाव निघालं म्हणून आले. त्याच तालुक्यात जि. प. शाळेवर आहे.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून असायचं. माझी पोरं इंग्रजी कविता हावभाव करून म्हणतात, फळं-फुलं-प्राणी सांगतात. पण 'काल तू कुठं गेला होतास?' ह्याचं उत्तर विचारलं की एकमेकांकडे बघतात. का येईल हो? फाटकाबाहेर पडलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत कानावर एक शब्द पडत नाही. त्या डच पोरांचं वाचून हेवा वाटला. इकडे टीव्हीवर हॉलिवूडचं सगळं हिंदीत येतं, म्हणजे आपण स्पेनच.

गावात इंग्रजी शाळा निघाली आहे. तिथल्या बाई माझ्याच डीएडच्या बॅचच्या. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी, उत्तरं पाठ. फी वेगळी. पालकांना वाटतं माध्यम बदललं की भाषा येते. रवांडात अख्ख्या देशाने हे करून बघितलं. २००८ मध्ये फ्रेंच सोडून शाळा इंग्रजीत नेल्या. कारणं राजकारणाची आणि व्यापाराची होती: फ्रान्सशी बिनसलेलं, शेजारी युगांडा-टांझानिया, आणि पुढच्याच वर्षी कॉमनवेल्थमध्ये प्रवेश. पण शिक्षक बहुतेक फ्रेंचमध्ये शिकलेले. सोमवारी स्वतः शिकायचं आणि मंगळवारी तेच वर्गात शिकवायचं, अशी गत. घरोघरी आजही किन्यारवांडाच बोलतात. त्या मास्तरांचं मला फार जवळून कळतं.

विजापूर_वेस | रविवार, दुपारी ४:२०

बाई, सगळं पटलं. पण मुलाखतीला गेलेल्या पोराला हे सांगून काय उपयोग? माझ्या भाच्याला हिशेबाचं, जीएसटीचं काम तोंडपाठ. पुण्यात एका कंपनीने पाच मिनिटं इंग्रजीत गप्पा मारल्या आणि घरी पाठवलं. जगात पाचातल्या चौघांना येत नसेल, पण मुलाखत घेणारा कायम तो पाचवा असतो. आणि राग मानू नका, तुमची मुलं कुठल्या माध्यमात?

मास्तरीणबाई | रविवार, दुपारी ४:४१

राग कसला, हा प्रश्न मला आठवड्याला एकदा येतो. मराठी शाळेत, आठवीपासून सेमी. थोरली नर्सिंगला आहे आणि तिला इंग्रजी बोलता येतं, कारण हॉस्टेलवर तिची खोलीसोबती मणिपूरची आहे आणि दोघींना दुसरी भाषाच सामाईक नाही.

भाच्याबद्दल वाईट वाटलं. पण हिशेबाच्या कामाला माणूस घेताना गप्पांची परीक्षा का, हे त्या कंपनीला विचारायला हवं, शाळेला नव्हे.

शेंगाचटणी | रविवार, दुपारी ४:४५

बाईंना +१. खोलीसोबतीची आयडिया लई भारी.

लागोस_रिटर्न | रविवार, संध्या. ६:१५

कापडाच्या धंद्यातूनच नायजेरियात होतो. तिथं सरकारी भाषा इंग्रजी. हौसा, योरुबा, इग्बो आणि आणखी शेकडो भाषा असलेल्या देशाला दुसरं काही जमलंही नसतं. पण बाजारात चालते ती पिजिन, म्हणजे इंग्रजी आणि तिथल्या भाषा मिसळून झालेली बोली. माझं इंग्रजी त्यांना सगळं समजायचं, त्यांची पिजिन मला सुरुवातीला ओ की ठो कळायची नाही. मी मनात त्याला मोडकं इंग्रजी म्हणायचो. तिथले लोक हसायचे, कारण पिजिन चुकीची बोलणारा मीच होतो. तिला तिचे नियम आहेत. बीबीसीने २०१७ मध्ये पिजिनमध्ये स्वतंत्र सेवा सुरू केली.

सिंगापूरची गोष्ट अजून वेगळी. १९८७ पर्यंत तिथल्या सगळ्या शाळांचं मुख्य माध्यम इंग्रजी झालं, आणि २००० मध्ये सरकारलाच 'चांगलं इंग्रजी बोला' अशी मोहीम काढावी लागली. लोक इंग्रजीच बोलत होते, फक्त सरकारला हवं तसं नव्हे. चिनी, मलय, तमिळ सगळ्यांचा मसाला पडलेलं. तेव्हा 'किती चांगलं' हे कोण ठरवणार, हा धाग्याचा निम्मा प्रश्न आहे.

बोरामणी_आंतरराष्ट्रीय | रविवार, रात्री ८:५०

(आयडीवर हसू नका. बोरामणीच्या विमानतळाची वाट बघून बघून घेतलाय.)

विमान देखभालीत आहे. आमच्या क्षेत्रात 'किती चांगलं' हे ठरवलेलं आहे, आणि ते ठरवायची किंमत मोठी होती. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणात चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदीचं जंबो आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्यूशिन हवेतच धडकली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्याखाली गेलं. चौकशीत चालकदलाचं कच्चं इंग्रजी हाही मुद्दा निघाला. नियंत्रकाशी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं, आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीचा काटाच नव्हता, पायलटच्या खांद्यावरून वाकून बघावं लागे.

त्याआधी १९९० मध्ये कोलंबियाच्या अव्हियांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं. ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचं त्यांनी सांगितलं होतं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. नियंत्रकांना निकड कळलीच नाही.

आता नियम असा की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारा पायलट आणि त्याच्याशी बोलणारा नियंत्रक, दोघांनाही इंग्रजीच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी लागते. २००८ पासून लागू आहे. टेरीटॉवेल यांच्या मँचेस्टरवाल्यांसाठी खास माहिती: ही अट घरी इंग्रजी बोलणाऱ्यांनाही आहे. त्यांनीही ठरलेले शब्द वापरायचे, म्हणी टाळायच्या आणि समोरच्याला कळेल असं बोलायचं. धावपट्टीवर त्यांचं घरचं इंग्रजी चालत नाही.

टेरीटॉवेल | रविवार, रात्री ९:०५

ही अट टॉवेलच्या धंद्यात कधी लागू होणार?

भैय्या_चौक | रविवार, रात्री ९:२२

सोलापूरचा धागा, परदेश आणि भाषा, आणि अजून डॉ. कोटणीसांचं नाव नाही? १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते. मुंबईत वैद्यकी शिकलेला माणूस, म्हणजे इंग्रजी पक्कं. पण तिथं खेड्यापाड्यांतल्या जखमी सैनिकाला इंग्रजी काय उपयोगाचं? ते चिनी बोलायला शिकले, लिहायलाही शिकले, आणि त्याच भाषेत त्यांनी काम केलं. १९४२ मध्ये गेले तेव्हा वय अवघं ३२. चीनमध्ये आजही त्यांचं नाव घेतात ते आपला डॉक्टर म्हणून. स्मारक बघितलं नसेल तर जरूर बघा, आमच्या चौकातच आहे.

होटगी_रोड | रविवार, रात्री ९:४०

उत्तम आठवण. आणि चीन तेव्हाचा सोडा, आजही मोठ्या शहरांतली हॉटेलं आणि निर्यातीची ऑफिसं सोडली तर इंग्रजीवर फार भिस्त ठेवू नये. २००१ पासून तिथं तिसरीपासून इंग्रजी शिकवतात, कोट्यवधी मुलं शिकली. पण टॅक्सीवाल्याला पत्ता चिनी लिपीत दाखवावा लागतो तो लागतोच. पूर्वभाग यांच्या भावाला विचारा.

पूर्वभाग | रविवार, रात्री ९:५८

विचारलं. तो म्हणतो, पलीकडचा माणूस चिनीत टाइप करतो, ॲप त्याचं इंग्रजी करतं, हा इंग्रजीत उत्तर देतो, तिकडे पुन्हा चिनी होतं. दोघांपैकी बोलत कुणीच नाही. मागच्या वेळी बेअरिंगचा आकार चुकून आला तेव्हा मात्र व्हिडिओ कॉल करून स्केलपट्टी धरून दाखवली.

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:१०

आता कामाचं विचारतो. बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीय, जर्मनीला नर्स म्हणून जायचं म्हणते. एजंट म्हणतो इंग्रजी चांगलं आहे तर काळजी नको. उत्तर_समुद्र अण्णा, खरं का?

उत्तर_समुद्र | रविवार, रात्री १०:३५

एजंट बदला. जर्मनीत नर्सला परवाना मिळायला जर्मन साधारण बी-२ पातळीपर्यंत (युरोपातल्या भाषेच्या सहा पायऱ्यांतली चौथी) लागतं. पेशंट म्हाताऱ्या आजीबाई असतात, त्या इंग्रजी बोलत नाहीत, आणि रात्रीच्या पाळीत औषधाचं टिपण जर्मनमध्येच लिहायचं असतं. महाराष्ट्र सरकारचा २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार झालाय, त्यातही भाषेचं शिक्षण आधी आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग आणि परीक्षा असतात. शून्यापासून बी-२ म्हणजे मन लावून केलं तरी वर्षभर धरून चाला, त्यामुळे पासपोर्टच्या आधी क्लासची चौकशी करा. तिचे काही प्रश्न असतील तर मला व्यनि (खाजगी निरोप) करायला सांगा, माझी मेहुणी श्टुटगार्टला हेच काम करते.